चिमटीत धरलेली कळी

भर दुपारी, मिट्ट काळोखात, त्यानं दिवा लावला.

तो दिवा लावायचा नव्हता. दारावर लाल अक्षरांत पाटी होती — आत चित्रण सुरू आहे, दिवा लावू नये — आणि ती मीच लिहून मीच चिकटवली होती. आत मायक्रोस्कोपपाशी मी स्टुलावर बसून एका मोहरीएवढ्या फुफ्फुसाचे फोटो काढत होते. उंदराच्या, न जन्मलेल्या पिल्लाचं फुफ्फुस. त्याच्या पेशींवर चढवलेला हिरवा रंग इतका फिका, की काजव्याशेजारी ठेवला तर दिसू नये.

खट्.

पडद्यावरची माझी हिरवी कळी दुधात बुडावी तशी नाहीशी झाली.

"बंद करा," मी म्हणाले.

खट्. पुन्हा काळोख. माणूस मात्र बाहेर गेला नाही. दाराशी त्याचा श्वास ऐकू येत होता... जिने चढून आल्याचा.

"सॉरी," काळोख म्हणाला.

"पाटी वाचली नाहीत?"

"वाचली ना. चित्रण सुरू आहे. म्हणून तर दिवा लावला. अंधारात कसलं चित्रण होणार, म्हटलं."

"आणि पुढचं?"

"पुढचं वाचेपर्यंत हात बटणावर गेला होता."

मला हसू आलं. अंधार होता म्हणून बरं.

"बरंच वाया गेलं का?"

"सकाळपासूनचं."

तो अगदी मनापासून म्हणाला, "मला ते भरून देता येणार नाही. पण काय वाया घालवलं ते तरी दाखवा. म्हणजे नीट वाईट वाटेल."

नीट वाईट वाटेल — असं कुणी म्हणतं का? मी पडदा त्याच्याकडे वळवला. हिरव्या उजेडात एक हनुवटी दिसली आणि चष्म्याची एक काच. बाकीचा माणूस नंतर कधीतरी.

"हे झाड आहे?"

"होणार आहे. सध्या कळी आहे." मी पडद्यावर बोट ठेवलं. "ही नळी. तिच्या टोकाला ही कळी. कळी फुगते, टोक चपटं होतं, मधोमध खाच पडते, आणि एकीच्या दोन. मग दोनाच्या चार. असं करत करत छातीत अख्खं झाड उभं राहतं. तुम्ही आत्ता धापा टाकताय ना, त्या त्याच झाडातून."

"धापा नाहीत. एक मजला उगीच जास्त चढलो. खाली दाराशी बसतात त्या काकांनी सांगितलं, गणितवाल्यांची खोली इथं आहे."

"ते काका नव्या माणसाला मुद्दाम चुकीच्या मजल्यावर पाठवतात. त्यांचा तेवढाच विरंगुळा."

"चांगला आहे की विरंगुळा." हनुवटी पडद्याजवळ सरकली. "आणि कुठं दुभंगायचं, हे तिला कोण सांगतं?"

ज्या प्रश्नापायी मी झोप, सुट्ट्या आणि बहुतेक मैत्रिणी घालवल्या होत्या, तो त्यानं असा विचारला — जणू बस कुठं थांबते.

"तुम्हाला काय वाटतं?" मी सावधपणे विचारलं.

"मी झाडं वाढवतो, पण कॉम्प्युटरात. माझ्याकडे एकच नियम आहे. टोक पुढं जातं. वाटेल तेव्हा दुभंगतं. दुसऱ्या फांदीला टेकलं की थांबतं. एवढ्यावर झाड होतं. खरंच होतं."

"वाटेल तेव्हा? टोकाला वाटतं?"

"तेच तर कळत नाही."

"आणि टेकून थांबलेल्या फांद्या... त्या काढून टाकता?"

"छे. त्या राहतात. पुढं जात नाहीत, एवढंच. पण त्यांच्याशिवाय झाडाला आकार येत नाही."

(म्हणून मीही या गोष्टीतल्या थांबलेल्या फांद्या काढून टाकलेल्या नाहीत. त्या जिथं थांबल्या, तिथंच ठेवल्या आहेत.)

थांबलेली फांदी

तो निघाला तेव्हा मला म्हणायचं होतं, "तुम्ही रोज आलात तर—"

दार लागलं.

आता माझी अडचण सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

फुफ्फुसाच्या कळीभोवती एक मऊ गर असतो. आंब्याच्या कोयीभोवती असावा तसा, पण पारदर्शक. सगळे म्हणत, कळीला स्वतःचं काही कळत नाही. गर सांगेल तिथं ती दुभंगते. माझं म्हणणं वेगळं होतं. गर तिला खाऊ घालतो, वाढ म्हणतो, हे खरं. पण दुभंगणं कळीचं स्वतःचं आहे.

हे सिद्ध करायला एकच वाट होती. गर सोलून काढायचा. उघडी कळी जेलीच्या थेंबात ठेवायची, गर द्यायचा ते खाद्य त्या थेंबात विरघळवायचं, आणि बघायचं... करते का काही.

माझ्या कळ्या काहीच करत नव्हत्या. रात्रभर थोड्या फुगायच्या, सकाळी सुरकुतायच्या. वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशीचे फुगे. असं महिनोन्महिने.

आमच्या प्रयोगशाळेच्या मॅडमनी शेवटी मला बोलावून सांगितलं. रागावून नाही — रागावल्या असत्या तर बरं. "संस्थेच्या पुढच्या मोठ्या बैठकीपर्यंत बघ. नाही झालं, तर ते टेबल मी दुसऱ्यांना देते. तू हृदयाचे काप रंगवायला ये. ते काम निदान संपतं तरी."

हृदयाचे काप. मी त्यांच्या खोलीतून बाहेर आले, तेव्हा जिन्यात गणितवाला उभा होता. आता संपूर्ण दिसत होता: उंच, किंचित पोक काढलेला, हातात छत्री, आणि छत्री असूनही खांदे भिजलेले.

"छत्री उघडत नाही का?"

"उघडते. मी विसरतो." त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. "काय झालं?"

असं कुणी नीट पाहून विचारलं, की मला विषय बदलावा लागतो. म्हणून मी म्हणाले, "काही नाही. तुमच्या झाडांचं कसं काय?"

"छान. दर वेळी छानच येतात. तोच वैताग आहे." तो छत्रीची मूठ चोळत म्हणाला. "कॉम्प्युटरातलं झाड कधी मरत नाही, हट्ट करत नाही. मला खरी कळी हातात धरून बघायची आहे. शिकवाल?"

"तुमचे हात केवढे आहेत."

"लहान करून आणतो."

टेबलाचे नियम, जसे मी त्याला सांगितले

चिमटा आधी स्पिरिटमध्ये बुडवायचा, मग वाळू द्यायचा. फुंकर मारायची नाही.

कोपर टेबलावर. दोन्ही. पेन्सिल धरतो तसं धरायचं, भाला धरतो तसं नाही.

गर सोलताना ओढायचं नाही. नुसतं सैल करायचं. तो आपणहून सुटतो. सुटत नसेल तर वाट बघायची.

नळीला काप द्यायचा. तो एकदाच, सरळ.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: कळीची मान चिमट्यात धरायची नाही. कधीच नाही. कापलेल्या टोकाशी ती इतकी नाजूक असते, की चेपली की संपली. तिला ड्रॉपरमध्ये पाण्यासकट ओढून घ्यायचं आणि जेलीत सोडायचं.

"मान धरायची नाही," तो म्हणाला. शाळेत म्हणतात तसा.

एका मायक्रोस्कोपला दोन माणसांसाठी दोन नळकांडी होती. एकात मी, एकात तो. समोरासमोर बसायचो, पण एकमेकांकडे न बघता एकाच थेंबात बघायचो. मला त्याचा चेहरा दिसत नसे, फक्त त्याच्या चिमट्याचं टोक दिसे — ओंडक्याएवढं मोठं, थरथरणारं.

"श्वास सोडा," मी म्हणायची.

"सोडला तर ती हलते."

"धरून किती वेळ बसणार?"

"तुम्ही बोलत नाही तोवर धरता येतो. तुम्ही बोललात की... सुटतो."

मी माझ्या नळकांड्यातून डोळे काढले नाहीत. काढले असते तर तो माझे कान बघत बसला असता. ते तापले होते.

"पेन्सिल," मी म्हणाले. "भाला नाही."

"हो मॅडम."

"मॅडम वर बसतात. मला काहीही म्हणा, पण मॅडम नको."

"काहीही?"

थेंबात त्याच्या चिमट्याचं टोक अचानक स्थिर झालं होतं.

थांबलेली फांदी

"तुम्ही रोज आलात तर मला—"

फोन वाजला.

ताईचा फोन (फक्त तिची बाजू. माझी ओळखणं अवघड नाही)

"काय गं, फुटल्या का तुझ्या कळ्या?"

"मग कसली कामात आहेस. मी इथं एका बाईची अक्कलदाढ अर्धी काढून तुला फोन केलाय. नाही नाही, ती सुन्न आहे, बसली आहे आरामात."

"कोण खोकलं तिकडं? पुरुष खोकला."

"गणितवाला म्हणजे तो दिवा लावणारा?"

"मी कुठं काय म्हणाले. मी फक्त म्हणाले, अच्छा."

"तुला मी लहानपणापासून ओळखते. तू आवडत्या माणसाला नियम शिकवतेस. मला सायकल शिकवताना बत्तीस नियम सांगितले होतेस, आणि मी तुझ्याहून मोठी."

"बरं. ठेवते. दाढ जागी व्हायला लागली."

त्या दिवशीच्या डब्यात खळग्यांच्या रांगा होत्या, एका खळग्यात एक थेंब, एका थेंबात एक कळी. जवळजवळ सगळे खळगे मी भरले. उजवीकडची शेवटची उभी ओळ त्यानं.

"माझ्या फेकून द्या," तो हात पुसत म्हणाला. माझ्याकडे बघितलं नाही. "नीट झाल्या नाहीत."

"पहिल्यांदा कुणाच्याच होत नाहीत. राहू देत."

कॅमेरा लावला. दार लोटलं. पाटी सरळ केली.

सकाळ. डावीकडून उजवीकडे:

फुगा. सुरकुतलेला.

फुगा. सुरकुतलेला.

फुगा.

फुगा. ...इथं मी चहाचा कप खाली ठेवला आणि पुढचं न बघताच डबा बंद करायला हात केला —

शेवटची ओळ.

झाड.

छोटं. बोटाचं टोकही झाकणार नाही एवढं. पण झाड. एकीच्या दोन, दोनाच्या चार, आणि चारही टोकं चपटी, खाच पडायच्या बेतात. गर नाही, सांगणारं कुणी नाही. उघडी कळी, एकटी, रात्रभरात स्वतःची स्वतः दुभंगत गेली होती. तिच्या खालची तशीच. तिच्याही खालची तशीच. त्या अख्ख्या ओळीत हिरवी झाडं उभी होती, आणि ती ओळ माझी नव्हती.

मी आधी रडले. मग नाक पुसून चित्रण पहिल्या फोटोपासून लावलं, कारण रडल्यानं काही सिद्ध होत नाही.

पहिल्याच फोटोत, त्याच्या प्रत्येक कळीच्या मानेवर, एक खूण होती. चपटी. दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखी.

चिमटीची.

तो जिन्यात, खिडकीपाशी भेटला. बाहेर सायकलींच्या पत्र्यावर पाऊस तडतडत होता.

"मान धरलीत," मी म्हणाले.

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "...हो."

"सगळ्यांची?"

"ड्रॉपरमध्ये येतच नव्हत्या. मग घाबरून उचलल्या."

"आणि सांगितलं नाहीत."

"तुमचा सगळ्यात मोठा नियम होता तो." तो पावसाकडे बघत म्हणाला. "सांगितलं असतं तर तुम्ही टेबलावरून उठवलं असतं. आणि मला... मला उद्याही तिथं बसायचं होतं."

मी त्याला रागवायला आले होते. निदान तसं ठरवून आले होते.

"चला," मी म्हणाले.

"कुठं?"

"झाड दाखवते. तुमचं."

पडद्यासमोर तो बराच वेळ उभा राहिला. मग त्यानं चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला आणि पुन्हा पाहिलं.

"पण का?" तो म्हणाला. "मी तर तिला दुखावलं."

का. मी मानेवरची ती चपटी खूण बघत होते. नळीला काप देतो तेव्हा तिचं तोंड उघडं राहतं. कळी आतून पाणी सोडत असते, सतत, थेंबाथेंबानं. आईच्या पोटात ते सहजी बाहेर पडत नाही. माझ्या डब्यात मात्र... माझ्या हळुवार, नियम पाळून कापलेल्या, कधीही न चेपलेल्या कळ्या रात्रभर गळत होत्या. भरतील काय, आणि आतून रेटा येईल कुठला?

त्यानं मान चेपली होती. तोंड बंद झालं होतं. आत साठत गेलं, साठत गेलं, आणि टोकाला दुसरी वाटच उरली नाही.

"तोंड बंद," मी म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "तोंड बंद झालं की आत भरतं. भरलं की..."

"की?"

"की दुभंगतं. टोकाला वाटतं म्हणालात ना तुम्ही? हे वाटतं. हा रेटा."

तो माझ्याकडे बघत होता. पडद्याकडे नाही.

थांबलेली फांदी

"तुम्ही रोज आलात तर मला ते—"

मॅडमनी दारातून डोकं आत घातलं.

मॅडमनी चित्रण बघितलं. भुवया वर गेल्या, आणि तिथून हळूच खाली आल्या.

"सुंदर," त्या म्हणाल्या. "पण मी विचारते ते बैठकीत कुणीही विचारेल. चिमट्यानं जखम झाली. जखम झाली की पेशी चवताळून वाढतात. यात तुझ्या कळीनं काय केलं? जे केलं ते चिमट्यानं केलं."

बैठक तोंडावर आली होती. मी टेबलाशी येऊन बसले. माझ्या समोरच्या नळकांड्याशी तो.

"जखम न करता तोंड बंद करायला हवं," मी म्हणाले.

"बांधायचं?"

"कशानं? दोराही तिच्यापुढं नाडा वाटेल."

"केसानं?"

मी माझा एक केस काढून थेंबाशेजारी धरला. मायक्रोस्कोपखाली तो जहाजाच्या दोरखंडासारखा दिसला. त्याचा त्याहून जाड. आम्ही दोघांनी एकाच वेळी नळकांड्यांतून वर बघितलं, आणि पहिल्यांदाच, इतक्या जवळून, डोळ्यांना डोळे भिडले.

"तान्ह्या बाळाचा," मी म्हणाले. आणि ताईला फोन लावला.

"केस?" ताई म्हणाली. "माझ्या पोरीचे? जादूटोणा करतेस का? बिचारीला आधीच एवढे एवढे आहेत."

"दोनचार दे. तिच्या मावशीसाठी."

"लग्न जमवायला लागतात का?"

"फुफ्फुस बांधायला."

ताईनं काही विचारलं नाही. दुपारी स्वतः आली, कडेवर लेक. गणितवाल्याला आपादमस्तक न्याहाळलं, भाची त्याच्या कडेवर दिली आणि कात्री माझ्याकडे. भाचीनं त्याचा चष्मा धरून ओढला. तो हलला नाही. श्वास धरून उभा राहिला, जेलीतल्या कळीसमोर राहायचा तसाच, आणि मी तिच्या कानामागचे चार मऊ, जवळजवळ नसलेले केस कापले.

"हा सोडू नकोस," ताई जाताना माझ्या कानात म्हणाली. "पोरीनं चष्मा ओढला तरी हलला नाही, घाबरला नाही."

मग आम्ही तीन ओळी भरल्या. एकीत मान चिमटीत दाबायची. एकीत भाचीच्या केसाची गाठ, जखम नाही. आणि तिसरीत मान दाबायची, वर सुईनं कुशीला टोचायचं: जखम दुप्पट, पण पाणी गळतं. जखमेनं झाड होत असेल, तर तिसरी ओळ सगळ्यांत जोमानं वाढेल. रेट्यानं होत असेल, तर मुळीच नाही.

दाबायच्या ओळीशी माझा हात अडला. चिमटा मानेजवळ नेला आणि... बोटं मिटेनात. इतकी वर्षं जे करायचं नाही म्हणून शिकवलं होतं, ते करायला बोटं धजेनात.

"श्वास सोडा," तो पलीकडून म्हणाला.

"सोडला तर ती हलते."

"हलू देत. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणालातरी चूक करायला शिकवतोय. मला मान द्या."

मी हसले. हसताना श्वास सुटला आणि बोटं मिटली.

बैठकीच्या सकाळी आम्ही दोघांनी मिळून डबा उघडला.

चिमटीची ओळ: झाडं.

केसाची ओळ: झाडं. गाठीपाशी बारीक कमरेची, वर डेरेदार.

सुईची ओळ: फुगा. फुगा. फुगा. फुगा...

झाड.

शेवटच्या खळग्यात, टोचलेली, गळायला हवी ती कळी, व्यवस्थित दुभंगून उभी होती. एकीच्या दोन, दोनाच्या चार.

"संपलं," मी म्हणाले. "मॅडम बरोबर आहेत. जखमेनंच होतंय. एक जरी झालं तरी..."

"कधी?" तो म्हणाला.

"काय कधी?"

"कधी दुभंगली? सगळ्यांच्या बरोबर?"

मी चित्रण पहिल्यापासून लावलं. आम्ही शेजारी शेजारी, खुर्च्या ओढून, वाकून बसलो. बाकीची झाडं वाढत होती. ही नाही. बाकीच्यांची चार टोकं झाली, ही आपली सुरकुतलेली, कुशीला काळं भोक. आणखी पुढं. भोक तेवढंच. आणखी पुढं. भोक... जरा लहान? आणखी. मी पुढं सरकले. कडांच्या पेशी एकमेकींकडे येत होत्या, हळूहळू, पिशवीचं तोंड आवळावं तशा. भोक ठिपक्याएवढं झालं. मग ठिपका मिटला.

आणि ती भरायला लागली.

सुरकुत्या गेल्या. कुशी ताणल्या. टोक चपटं झालं, आणि मधोमध — मी त्याचं मनगट घट्ट धरलं होतं हे मला तेव्हा कळलं — मधोमध खाच पडली.

"गळत होती तोवर काही नाही," मी म्हणाले. "जखम पहिल्यापासून होती. जखमेनं व्हायचं असतं तर तेव्हाच झालं असतं. तिनं आधी भोक बुजवलं. आपणहून. मग भरली. मग..."

"आता मॅडमना काय दाखवायचं?"

"हीच. नुसती हीच."

बैठकीची खोली भरलेली होती. मी दिवे घालवले, या वेळी सगळ्यांसमोर, आणि आधी काहीच न बोलता ती एकच कळी लावली.

सुरकुतलेली. कुशीला भोक. मागच्या खुर्च्यांत कुजबुज झाली. कुणीतरी जांभई दिली. मग भोक आवळायला लागलं आणि कुजबुज थांबली. मिटलं, तेव्हा खुर्च्या वाजल्या; माणसं पुढं झुकत होती. खाच पडली, एकीच्या दोन झाल्या, आणि त्या अंधारात कुणीतरी "वा" म्हणालं... अगदी सहज, गाण्याला म्हणावं तसं.

पडदा रिकामा झाला. मॅडम पहिल्या रांगेत होत्या. मी त्यांच्या प्रश्नाची वाट बघत उभी राहिले. सगळी उत्तरं तयार होती: केसाची ओळ, चिमटीची ओळ, सगळं.

त्यांनी प्रश्न विचारला नाही. चष्मा कपाळावर सरकवला.

"पुन्हा लाव," त्या म्हणाल्या.

मी पुन्हा लावलं. शेवटी त्या उठल्या आणि खोलीकडे तोंड करून, रोजच्या कोरड्या आवाजात म्हणाल्या, "हृदयाचे काप दुसरं कुणीतरी रंगवेल. हिला शेजारचं टेबलही रिकामं करून द्या." मग टाळ्या सुरू झाल्या, आणि मी त्या गर्दीत एकच माणूस शोधत होते. तो दाराशी उभा होता. त्याच्या हातात टाळ्यांना जागा नव्हती, कारण एका हातात माझी पर्स होती आणि दुसऱ्यात दोघांच्या छत्र्या. त्यानं छत्र्याच एकमेकींवर वाजवल्या.

संध्याकाळी मी नवा डबा कॅमेऱ्याखाली लावला आणि काळोखात बसले. दार हळूच उघडलं. बटणाकडे हात गेला नाही.

"पाटी वाचली," तो म्हणाला. "पूर्ण."

"शाबास."

तो शेजारच्या स्टुलावर बसला. पडद्यावर आजच्या कळ्या नुकत्या भरायला लागल्या होत्या.

"आता मी काय शिकायला येऊ?" त्यानं विचारलं. "तुम्हाला तर माझी चूकही येते आता."

माझं तोंड बंद होतं, आणि आत — पहिल्या दुपारपासूनचं, दारानं अडवलेलं, फोननं अडवलेलं, मॅडमच्या डोक्यानं अडवलेलं — सगळं काठोकाठ आलं होतं. मी दाराकडे पाहिलं. बंद. फोनकडे पाहिलं. गप्प.

"तुम्ही रोज आलात तर मला ते आवडेल," मी म्हणाले. वाक्य थांबलं नाही. पुढं गेलं, आणि दुभंगलं. "रोज म्हणजे कामासाठी नाही. म्हणजे कामासाठीही. पण मला... तू आवडतोस. छत्री न उघडणारा, मान धरणारा. मला तू नीट आवडतोस."

काळोखात त्याचा श्वास थांबलेला ऐकू आला.

"श्वास सोड," मी म्हणाले.

त्यानं सोडला. मग त्याचा खांदा माझ्या खांद्याला टेकला, सावकाश, गर सैल करताना मी शिकवलं होतं तसा, न ओढता.

"माझा नियम ठाऊक आहे ना तुला?" तो हळूच म्हणाला. "टेकलं की थांबायचं. मी आता इथून हलत नाही."

"किती दिवस?"

"झाड होईपर्यंत."

मला त्याचा चेहरा बघायचा होता. पूर्ण. हनुवटी आणि चष्म्याची एक काच नाही. अख्खा माणूस, हे म्हणतानाचा. कॅमेरा चालू होता. दारावर माझ्याच अक्षरात माझाच नियम होता.

मी हात लांब केला.

खट्.

त्या दिवशीच्या चित्रणात, भरत आलेल्या कळ्यांच्या ओळीनंतर, शेवटचा फोटो पांढराशुभ्र आहे. मॅडम विचारतात, हा खराब फोटो अजून का ठेवलाय.

मी तो काढलेला नाही.